चिटबॉयचा ओव्हरसीअर होताना : बढतीच्या मुलाखतीची तयारी



गळीत हंगाम आटोपला की गावोगाव बढत्यांची चर्चा सुरू होते. आपल्यापैकी पुष्कळांचा मुलगा, पुतण्या नाहीतर जावई कारखान्यात कामाला आहे. शेतकी खात्यात चिटबॉय म्हणून आठ-दहा वर्षं काढली, ओव्हरसीअरची जागा निघाली, अर्ज केला आणि मुलाखतीचं पत्र आलं. (हुद्द्यांची नावं कारखान्यागणिक थोडी बदलतात, काम तेच.) अशा वेळी घरची वडीलधारी मंडळी पोराला तयारीला बसवायचं सोडून संचालकांच्या दारात चिठ्ठी मागायला जातात.

चिठ्ठीनं खुर्ची मिळेलही. पण नोंदी, तोडणीचा क्रम आणि टोळ्या सांभाळायची अक्कल चिठ्ठीतून येत नाही, आणि ऊस तर आपलाच आहे. ओव्हरसीअर कच्चा निघाला की पिकलेला ऊस तुरा येऊन रानात उभा राहतो आणि कोवळा ऊस आधी गव्हाणीत पडतो. उतारा घसरला की भाव सगळ्यांचाच घसरतो. म्हणून या मुलाखतीकडे सभासदांनीही लक्ष दिलं पाहिजे.

बाहेरच्या नोकरीची मुलाखत आणि ही मुलाखत यात मोठा फरक आहे. इथं समोर बसलेले मुख्य शेतकी अधिकारी तुम्हाला रोज बघतात. "मी फार कष्टाळू आहे" असं त्यांना सांगून उपयोग नाही, ते त्यांना ठाऊक असतं किंवा तसं नसतं हेही ठाऊक असतं. उलट उमेदवाराची समजूत अशी असते की साहेबांना सगळं माहीत आहे, मग बोलायचं काय? इथंच घोडं अडतं. समितीत कार्यकारी संचालक असतात, कार्यालयातले अधिकारी असतात. त्यांनी तुमचा गट पाहिलेला नसतो. त्यांना आकडे लागतात.

तेव्हा पहिली तयारी आपल्या गटाची. किती हेक्टरची नोंद, त्यात आडसाली किती, पूर्वहंगामी किती, सुरू किती, खोडवा किती. को ८६०३२ किती आणि कोएम ०२६५ किती. मागच्या हंगामात तोडणी कार्यक्रम कसा आखला होता आणि प्रत्यक्षात कुठं, कशामुळं फिसकटला. हे सगळं वहीच्या एका पानावर लिहून काढावं आणि पान न बघता मोठ्यानं सांगता येईपर्यंत घोकावं. घरात कुणाला तरी साहेब करून समोर बसवावं. पोरगं लाजतं, पण घरात लाजलेलं परवडलं.

दुसरी तयारी वरच्या जागेच्या कामाची. चिटबॉय नोंद घेतो, चिठ्ठी देतो. ओव्हरसीअरला निर्णय घ्यावा लागतो. म्हणून प्रश्न असा येतो : "रात्री पाऊस झाला, रानं ओली, गाड्या बाहेर निघत नाहीत, आणि कारखान्याला तर ऊस पाहिजे. काय कराल?" याला "साहेबांना विचारीन" हे उत्तर पुरत नाही. मुरमाड, निचऱ्याच्या रानातला आणि रस्त्याकडेचा पिकलेला ऊस कुठं आहे हे माझ्या यादीत आधीच आहे, मुकादमाशी बोलून टोळ्या तिकडं वळवीन, आणि तुटून पडलेला ऊस आधी बाहेर काढीन, असं सांगता आलं पाहिजे. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही घटतात, हे कारणही जोडावं.

"ऊस पिकला हे कशावरून ठरवता?" हा हमखास प्रश्न. नुसती लागणीची तारीख सांगू नये. रिफ्रॅक्टोमीटरनं शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स घ्यायचा. दोन्ही जवळजवळ सारखे आले की ऊस पक्व.

हिशेबाचा प्रश्नही येतो, आणि तो सभासदांनाही आला पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. उतारा १०.७५ धरला तर पाच टप्पे, म्हणजे १७.३० रुपये वाढले. एकूण ३७२.३०, टनाला ३,७२३ रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाल्यास सालाला १५ टक्के व्याज, हेही लक्षात ठेवावं. बांधावर शेतकरी हेच विचारतो.

खरी परीक्षा पुढं आहे. "तुमच्या चुलत्याचा ऊस यादीत खाली आहे आणि ते आधी तोड मागताहेत. काय कराल?" पुष्कळ उमेदवार इथं हसून वेळ मारून नेतात. समिती तेच बघत असते. उत्तर सरळ द्यावं : यादीप्रमाणंच तोड देईन, ऊस जळाला किंवा पुरात सापडला तर नियमानं आधी घेईन, मग तो चुलत्याचा असो वा कुणाचाही, आणि तशी लेखी नोंद ठेवीन. आता हे उत्तर मुलाखतीत देणं सोपं आहे. चुलते हा अंक वाचत असतील तर त्यांनी पोराला ते पाळू द्यावं, एवढी विनंती.

बरोबरच्या उमेदवाराबद्दल विचारलं तर त्याची उणीदुणी काढू नयेत. उद्या तो वरिष्ठ होईल किंवा हाताखाली येईल, काम एकत्रच करायचं आहे. निवड झाली नाही तर आठ दिवसांनी, डोकं शांत झाल्यावर, मुख्य शेतकी अधिकाऱ्यांना भेटून कुठं कमी पडलो ते विचारावं. ते सांगतात.

प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती आदल्या दिवशीच काढून ठेवाव्यात. सेवापुस्तकातली जन्मतारीख, शिक्षण आणि झालेली प्रशिक्षणं नोंदलेली आहेत की नाहीत, हे आस्थापना विभागात अर्ज करतानाच तपासून घ्यावं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिबिर केलेलं असतं, पण नोंदच नसते, असं घडतं. मुलाखत हंगामात असेल तर आदल्या रात्रीची पाळी बदलून घ्यावी. यार्डातून थेट जागरणाच्या डोळ्यांनी समितीपुढं जाऊ नये.