‘अरायव्हल’ हे क्रियापद का नाही?

मागच्या गुरुवारी लेकीची इंग्रजीची वर्कशीट घरी आली. इकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे आठवड्याचे सगळे तपासलेले कागद गुरुवारीच दप्तरातून बाहेर पडतात. वाक्यातल्या क्रियापदांना गोल करायचे होते. ‘हिज अरायव्हल सरप्राइज्ड अस’ या वाक्यात तिने दोन गोल केले होते, एक ‘सरप्राइज्ड’ला आणि एक ‘अरायव्हल’ला. दुसऱ्यावर लाल फुली.

“आई, पुस्तकात लिहिलंय की क्रिया दाखवतो तो शब्द म्हणजे क्रियापद. मग येणं ही क्रिया नाही?”

आता सांगा, काय उत्तर द्याल? येणं ही क्रिया आहेच. पोरीने व्याख्या पाठ केली, जशीच्या तशी लावली आणि मार्क गेला. चूक तिची नाही, व्याख्येची आहे. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, पण वर्गीकरण हे माझं रोजचं काम आहे, म्हणून या प्रश्नाने मला दोन संध्याकाळी धरून ठेवलं.

मी कार्बोनेट खडकांवर काम करते. आमच्या अल-खोबरला लागून असलेल्या धाहरानमध्ये १९३८ साली दम्मामच्या ७ क्रमांकाच्या विहिरीत भरपूर तेल लागलं, ते अशाच चुनखडकात. या खडकांत कॅल्साइट आणि डोलोमाइट ही दोन खनिजं नुसत्या डोळ्यांना बरेचदा सारखीच दिसतात. रंगावर विसंबलात तर फसलात. मग आम्ही पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतो. कॅल्साइट लगेच फसफसतं, डोलोमाइट जवळजवळ गप्प राहतं. म्हणजे खनिज ‘कसं दिसतं’ हे न विचारता ते ‘कसं वागतं’ हे विचारायचं. भाषाशास्त्रज्ञ शब्दाशी नेमकं हेच करतात. शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा रंग. थेंब वेगळा असतो.

‘अरायव्हल’वर थेंब टाकून बघू. त्याच्या आधी ‘द’ किंवा ‘हिज’ येतं का? येतं. अनेकवचनाचा ‘स’ लागतो का? विमानतळावरची ‘अरायव्हल्स’ची पाटी आपण सगळे ओळखतो. भूतकाळाचा प्रत्यय लागतो का? ‘अरायव्हल्ड’ असं कोणी म्हणत नाही. झालं, हे नाम. उलट ‘अराइव्ह’ला भूतकाळ लागतो आणि ‘द अराइव्ह’ मात्र चालत नाही. अर्थ दोघांचा एकच, वागणं वेगळं.

ही पद्धत टोकाला नेली ती चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने. त्याने लोकांची टेलिफोनवरची सुमारे ५० तासांची संभाषणं ध्वनिमुद्रित केली आणि त्यावरून १९५२मध्ये इंग्रजीच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. एक साचा घ्यायचा, त्यात एक जागा रिकामी ठेवायची आणि तिथे कोणकोणते शब्द बसतात ते पाहायचं. एकाच जागी बसणारे शब्द एका वर्गाचे. नाम, क्रियापद ही जुनी नावंसुद्धा त्याने मुद्दाम टाळली. चार मोठ्या वर्गांना नुसते क्रमांक दिले आणि उरलेल्या छोट्या शब्दांचे १५ गट केले. वाचायला पुस्तक रुक्ष आहे, पण प्रामाणिक आहे.

आणि हे ज्ञान मुलांच्या डोक्यात व्याकरणाच्या तासाआधीच असतं. १९५८मध्ये जीन बर्को या संशोधिकेने लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा ‘वग’. आता हे दोन आहेत, दोन काय? मुलं म्हणाली, ‘वग्ज’. तो शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, कारण तो नव्हताच.

शुक्रवारी नाश्त्याला मी हाच प्रयोग मराठीत केला.

“हा बघ एक झिपका. असे दोन म्हणजे?”

“झिपके.”

“त्याला भूक लागलीय. कुणाला खायला देशील?”

“झिपक्याला.”

“मी रोज झिपकते. काल मी काय केलं?”

“तू झिपकलीस. आई, हे काय चाललंय?”

मराठी व्याकरणाचा एकही धडा न शिकलेली मुलगी सामान्यरूप, वचन, काळ सगळं बिनचूक लावत होती. मी खूश. मग मी ‘हे टुमड’ असा दुसरा शब्द दिला. ती म्हणाली, “टुमडला.” संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजीला तोच शब्द दिला. आजी क्षणात म्हणाली, “टुमडाला.”

यावर मी बराच वेळ विचार केला. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, पण ‘मोबाईलवर’ म्हणतो. टेबल मराठीत मुरलं, त्याला सामान्यरूपाचा ‘आ’ मिळाला. मोबाईल अजून पाहुणा आहे. लेकीने अनोळखी शब्द ‘मोबाईल’च्या रांगेत बसवला, आजीने ‘टेबल’च्या. दोघींनी त्याला नामच मानलं, पण एकीने परकं आणि एकीने घरचं. एका शब्दावरून निष्कर्ष काढू नये हे मला कळतं, तरी तो ‘आ’ मनातून जात नाही.

मराठीसाठीचे थेंब इंग्रजीहून वेगळे आहेत. ‘काळा घोडा’ घ्या. त्याचं ‘काळ्या घोड्याला’ होतं. दोन्ही शब्द बदलले, पण ‘ला’ लागला फक्त घोड्याला. ‘काळ्याला घोड्याला’ आपण म्हणत नाही. नामाच्या आधी येऊन बदलायचं, पण विभक्तीचा प्रत्यय स्वतः घ्यायचा नाही, हे विशेषणाचं वागणं. ‘काळ्याला आत बोलाव’ म्हटलं की तोच शब्द नाम झाला. पण ‘लाल’चं काय? ‘लाल घोड्याला’, काहीच बदललं नाही. म्हणून एका थेंबावर थांबायचं नसतं. डोलोमाइटची पूड केली तर तेही फसफसतं, तेव्हा आम्हीही दुसरी चाचणी घेतोच. ‘खूप लाल’, ‘किती लाल!’ हे चालतं, ‘खूप घोडा’ चालत नाही.

माझं आवडतं उदाहरण ‘पाहिजे’. त्यात कोण काय करतंय? काहीच नाही, नुसती इच्छा. पण ‘आंबा पाहिजे’, ‘आंबे पाहिजेत’. तो शेवटचा ‘त’ कर्मामागे धावतो, आणि असं धावणं क्रियापदाचंच काम.

मग जाती किती? आपण शाळेत आठ घोकल्या, नामापासून केवलप्रयोगीपर्यंत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६मध्ये आलं, तेव्हा समोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि इंग्रजीने तो लॅटिन-ग्रीकवरून घेतला होता. आठ हा आकडा काही निसर्गनियम नाही. इथल्या भाषेत तीनच आहेत. आठव्या शतकात बसऱ्यात शिकलेला सीबवैही हा मूळचा इराणी, पण त्याच्या अरबी व्याकरणाची सुरुवातच शब्दांच्या तीन भागांनी होते, इस्म, फिअल आणि हर्फ. विशेषण कुठे गेलं? इस्ममध्ये. कारण अरबीत ‘मोठं घर’ म्हणजे ‘अल-बैत अल-कबीर’. घरालाही ‘अल’, मोठ्यालाही ‘अल’. वागणं एक, म्हणून पेटी एक. पाणिनीचं तर दोनांतच भागलं, ‘सुप्’ प्रत्यय लागतो ते किंवा ‘तिङ्’ लागतो ते पद. अव्ययांनाही सुप् लागतो आणि लगेच लोपतो, असं मानून त्याने त्यांचीही सोय लावली. व्याख्येत अर्थाचा उल्लेख नाही, फक्त शेपटी पाहायची. (आमच्या लेकीच्या पुस्तकाने हे वाचायला हवं होतं.)

सीमारेषा मात्र पुसट असतात. इंग्रजीत ‘फन’ हे नाम, पण तरुण मंडळी ‘सो फन’ म्हणतात, म्हणजे ते विशेषणाकडे सरकतंय. आपल्या ‘वर’चंही तसंच. ‘घरावर’मध्ये शब्दयोगी, ‘वर जा’मध्ये क्रियाविशेषण, असं आपण शिकलो. ऑटो येस्पर्सनने १९२४मध्येच इंग्रजीतल्या अशा शब्दांबद्दल विचारलं होतं, की पुढे नाम आलं की नाही एवढ्यावरून जात कशाला बदलायची? क्रियापदाला कर्म असो-नसो, आपण त्याला क्रियापदच म्हणतो ना? मला त्याचं पटतं.

शब्द भाषा बदलतात तेव्हा तर जात नव्याने ठरते. इंग्रजीतलं ‘ड्राइव्ह’ क्रियापद, पण आपण ‘ड्राइव्हतो’ म्हणत नाही, ‘ड्राइव्ह करतो’ म्हणतो. म्हणजे मराठीने ते दारातच नामासारखं केलं आणि प्रत्यय ‘करणे’च्या गळ्यात घातले. उलट अरबी-फारसीतून आलेले ‘खर्च’ आणि ‘बदल’ ही नामं, त्यांची आपण ‘खर्चणे’ आणि ‘बदलणे’ अशी अस्सल क्रियापदं केली.

वर्कशीटवर मी पेन्सिलने ‘द’ लावून पाहायची युक्ती लिहून दिली. मार्क काही परत मिळाला नाही. काल रात्री दिवा बंद करायला खोलीत गेले, तर पांघरुणातून आवाज आला, “आई, पाच मिनिटं, मी नुसती स्क्रोलतेय.”