खडकातले तेल आणि एका ओळीची आज्ञा

जमिनीखालचे तेल तळ्यासारखे साठलेले नसते. स्पंजातल्या पाण्याप्रमाणे ते खडकाच्या बारीक छिद्रांत भरलेले असते. ते वाहते कसे? फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने १८५६ साली वाळूतून पाणी सोडून दाखवले की, प्रवाह हा दाबाच्या फरकाच्या समप्रमाणात असतो.

आता अशा खडकाचे मनाने १०० × १०० × २० ठोकळे पाडा. झाले २ लाख! प्रत्येकात दाब, पाण्याचे प्रमाण आणि वायूचे प्रमाण या तीन राशी अज्ञात. म्हणजे काळाच्या प्रत्येक टप्प्याला ६ लाख समीकरणे.

ती सोडवणारी ‘इक्लिप्स’ ही आज्ञावली परवान्यावर मिळते. ‘ईसीएलरन’ या साधनाला एक ओळ टंकून द्यायची: आज्ञावलीचे नाव, मग माहितीच्या फायलीचे. आवृत्ती, प्रोसेसरांची संख्या हेही त्याच ओळीत सांगता येते. परवाना मिळाला की गणित सुरू.

मात्र या साधनाला भौतिकी कळत नाही, हे ध्यानात ठेवा. फायलीत एककांसाठी एकच शब्द असतो. ‘मेट्रिक’ म्हटले की दाब बारमध्ये, ‘फील्ड’ म्हटले की पौंड प्रति चौरस इंचात. १ बार म्हणजे असे सुमारे १४.५ पौंड. समजा, २५० बारच्या साठ्यासाठी २५० लिहिले, पण शब्द ‘फील्ड’ राहिला. दाब उरला जेमतेम १७ बार!

फरक किती? तेलाची घनता ८५० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरा. २,५०० मीटर उंच तेलाचा स्तंभ पेलायला सुमारे २०८ बार लागतात. १७ बार तो २०० मीटरच्या आसपासच पेलतील.