मैदान सोडवत नसेल, तर मैदानाला सामान पुरवा

निकाल लागला की तेच प्रश्न येतात. ‘मुलगा कबड्डीत विभागापर्यंत खेळलाय, बारावीला अठ्ठावन्न टक्के आहेत, स्पोर्ट्स मॅनेजमेंटला घालू का?’ ‘मुलगी खो-खो सोडायला तयार नाही, पदवीची फी काही लाखांत आहे, कर्ज काढावं का?’ सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो : कर्ज काढून या पदवीला घालू नका.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये. टीव्हीवरच्या त्या झगमगाटाच्या जोरावर ‘खेळात करिअर’ नावाची पदवी विकली जाते. जरा हिशेब करा. प्रो कबड्डीत संघ १२, हंगाम काही महिन्यांचा, आणि प्रत्येक संघाच्या कार्यालयात माणसं मोजकी. त्या खुर्च्यांसाठी देशभरातली मुलं रांगेत आहेत, त्यांत मोठ्या व्यवस्थापन संस्थांतून आलेलीही आहेत. तुमच्या मुलाच्या वाट्याला बहुधा स्पर्धेच्या दिवसांत प्रेक्षकांना रांगेत लावण्याचं तात्पुरतं काम येईल.

बाकीच्या वाटा थोडक्यात. बी.पी.एड. करून क्रीडाशिक्षक होता येतं, पण भरतीची वाट पाहण्याची तयारी हवी. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका घ्यावी. फिजिओथेरपीला विज्ञान शाखा आणि नीट लागते. सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण खरं आहे, पण ते ठरावीक स्पर्धांतल्या ठरावीक कामगिरीलाच मिळतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. प्रमाणपत्र ‘मिळवून देणाऱ्या’ माणसाला घराच्या उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

आता ज्या वाटेबद्दल कोणी विचारत नाही, तिच्याकडे येतो : आपल्याच तालुक्यातल्या मंडळांना, तालमींना आणि शाळांना खेळाचं सामान पुरवण्याचा छोटा धंदा.

महाराष्ट्रात गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. मुंबईत आणि कोकणात गल्लोगल्ली कबड्डीची मंडळं आहेत. मल्लखांब, कुस्ती, खो-खो, व्हॉलीबॉल यांचे गट गावोगाव आहेत. या सगळ्यांना सामान लागतं आणि बहुतेकांना ते बरोबर मिळत नाही. दहा वर्षांच्या पोराला पाच नंबरचा फुटबॉल दिला जातो, खरं तर त्याच्या पायाला चार नंबरचा हवा. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी हलका लेदर बॉल मिळतो, तरी त्यांच्या हातात मोठ्यांचा १५६ ग्रॅमचा पडतो. ही चूक ज्याला दुकानात उभ्या उभ्या दिसते, तो मैदानावर वाढलेला मुलगाच असतो. तुमच्या मुलाचं भांडवल तेच आहे.

क्रिकेट आणि फुटबॉलचं सामान मेरठ-जालंधरहून येतं. तिथल्या भावाशी तुम्ही स्पर्धा करू शकणार नाही, करूही नका. पण खो-खोचा खांब १२० ते १२५ सेंटीमीटर उंचीचा, गुळगुळीत आणि कुठेही न बोचणारा हवा. तो तालुक्यातला चांगला सुतार करतो. मल्लखांबाला शिसव किंवा सागवान लागतं, जड लाकूड लांबून आणायचं तर वाहतुकीतच पैसा जातो. आपल्या मातीतल्या खेळांचं सामान आपल्याकडेच व्हायला हवं.

जर्सीच्या मोहात मात्र पडू नका. प्रत्येक नवा मुलगा छापील जर्सीपासूनच सुरुवात करतो. समजा, वीस मंडळं, प्रत्येकी पंधरा जर्सी, एका जर्सीमागे साठ रुपये सुटले. हंगामाला अठरा हजार झाले, त्यात घर चालत नाही. घर चालतं ते वर्षभर टिकणाऱ्या कामांवर : बॅडमिंटन रॅकेटचं गटिंग, बॅटची ग्रिप, फाटलेली जाळी शिवणं, वाढत्या पोरांचे लहान झालेले स्टड घेऊन दुसऱ्याला स्वस्तात देणं. आणि भाड्याची मॅट. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे एक बाय एक मीटरच्या १३० मॅट. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, त्यामुळे गावच्या मंडळालाही आता मॅट हवी असते, पण विकत घेणं त्याच्या आवाक्यात नसतं. मॅट टेम्पोतून नेऊन अंथरणं आणि स्पर्धा संपल्यावर उचलणं हा स्वतंत्र धंदा आहे. पहिल्या वर्षी मात्र त्यात हात घालू नका.

शाळा हे दुसरं मोठं गिऱ्हाईक. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्या पैशांत पंधरा दिवसांत फुगा होणारे चेंडूही येऊ शकतात आणि दोन वर्षं टिकणारेही. फरक पुरवठादाराच्या नियतीचा असतो. कोणी बिल फुगवून मागितलं तर सरळ नाही म्हणा. परदेशी कंपनीचा खोटा लोगो छापून मागितला तरीही नाही म्हणा, तो गुन्हा आहे.

मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलींना पुरुषांच्या मापाच्या जर्सी अंगात घालाव्या लागतात. स्पोर्ट्स ब्रा मागायला त्या दुकानातल्या काकांसमोर संकोचतात आणि काही जणी शेवटी खेळच सोडतात. मुलींच्या मापाचं सामान पुरवण्याचं काम मैदानावर घाम गाळलेली मुलगी जितकं चांगलं करेल, तितकं दुसरं कोणी करणार नाही.

हा धंदा बुडतो तो उधारीत. मंडळाचे पैसे वर्गणीतून किंवा प्रायोजकाकडून येतात, आणि प्रायोजक बक्षीस समारंभानंतर फोन उचलत नाही. म्हणून छापील मालाला निम्मी रक्कम आगाऊ घ्या, कारण ‘जय हनुमान’ छापलेली जर्सी ‘जय भवानी’वाला घेत नाही. मंडळाला मदत करायचीच असेल तर बिलात सूट द्या आणि ती लिहून द्या. उधारीला मदत म्हणू नका.

कागदपत्रं अवघड नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. फक्त मालविक्री असेल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. दुरुस्ती आणि भाडं ही सेवा धरली जाते आणि तिथे मर्यादा २० लाखांची आहे, तेव्हा सीएला विचारून घ्या. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. गटिंग मशीन, थोडा माल आणि हातात वही, एवढ्यावर सुरुवात होते. सोबत बी.कॉम. चालू ठेवा, हिशेब कळलाच पाहिजे.

आता पालकांशी बोलतो, जरा कडकच. हा पर्याय सांगितला की वडिलांचा चेहरा पडतो. ‘एवढं शिकवून दुकानात बसवायचं?’ आई विचारते, ‘उद्या स्थळं आली तर काय सांगायचं?’ मला विचारावंसं वाटतं, कर्जाचा हप्ता आणि बेकार पदवीधर, हे सांगायला बरं वाटेल का? तुम्हाला मुलाच्या पोटाची काळजी आहे की पाहुण्यांच्या तोंडाची, हे आधी ठरवा.

दुसऱ्या टोकाचे पालकही भेटतात. ते भविष्य निर्वाह निधी काढून मुख्य रस्त्यावर गाळा घेतात, काचेच्या कपाटांत माल भरतात आणि मुलाला गल्ल्यावर बसवतात. तोही तितकाच मोठा अन्याय आहे. मुलाला हिशेब शिकायला आणि छोट्या रकमेत ठेच खायला वेळच मिळत नाही. पहिली दोन वर्षं गाळा नको, घरातली एक खोली पुरेशी आहे. आणि खेळातलं अपयश लपवायला त्याच्या डोक्यावर धंदा लादू नका; ज्याला गिऱ्हाइकाशी बोलायचा कंटाळा आहे, त्याने हा धंदा करू नये.

पदवीची फी भरण्याआधी महिनाभर थांबा. मुलाला दहा मंडळांत आणि पाच शाळांत पाठवा. गेल्या वर्षी काय घेतलं, कितीला घेतलं, किती दिवसांत फाटलं, पैसे कोणी दिले आणि कधी दिले, एवढं त्याने वहीत लिहून आणावं. वही भरून आणली तर त्याला ५० हजार द्या आणि बाजूला व्हा. कोरी आणली तर हा धंदाही त्याचा नाही आणि ती पदवीही त्याची नाही. दुसरी वाट शोधा, आणि ती शोधताना आधी त्याचं ऐकून घ्या.