नाणेघाटातला हिशोब

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. ऱ्हस्व-दीर्घाची माझी आणि मराठीची जुनी भांडणं आहेत, तेव्हा सांभाळून घ्या. सातवाहन म्हटलं की मला परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेली एखादी ओळ आठवायची, बस्स! पण होळीच्या सुट्टीत रूममेटबरोबर पाठीवर सॅक टाकून शहापूर-मुरबाडच्या बाजूला गेलो आणि एका दिवसात जे शिकलो, ते चार सेमिस्टरमध्ये शिकलो नव्हतो. तेच इथे मांडतोय.

पिंपभर पाणी

रूममेटचं घर शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर. आदल्या संध्याकाळी कसारा लोकलने आसनगाव, तिथून शेअर रिक्षाने शहापूर आणि पुढे जीपमध्ये कोंबून पाडा. पोहोचलो तेव्हा अंगावर धुळीचा थर होता. काकूंनी मोरीत गरम पाण्याची बादली ठेवली होती आणि शेजारी गार पाण्याचं भरलेलं पिंप होतं. मी हॉस्टेलच्या सवयीप्रमाणे गाणी म्हणत निवांत आंघोळ केली. बाहेर आलो तेव्हा पिंप तळाला गेलं होतं. कोणी काही बोललं नाही. काकूंनी गरम भाकरी वाढली, "अजून घे रे," म्हणाल्या. मी घेतली.

पहाटे साडेचारला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. काकू आणि मित्राची धाकटी बहीण हंडे घेऊन कुठेतरी निघाल्या होत्या. हे रोजचंच असेल असं समजून मी कूस बदलली आणि परत झोपलो.

चढण

सहाला निघालो. किन्हवलीमार्गे सरळगाव गाठलं. तिथे कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी मिळाली. टोकावडे मागे टाकून वैशाखरेच्या पुढे नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरलो. (कल्याणहून येणाऱ्यांनी माळशेजमार्गे जुन्नर किंवा आळेफाट्याकडे जाणारी एसटी पकडावी आणि कंडक्टरला आधीच सांगून ठेवावं.) सुरुवातीची वाट झाडीतून जाते, तेव्हा मी चक्क शिट्टी वाजवत होतो. पुढे उभी चढण लागली आणि शिट्टी आपोआप बंद झाली. मार्चचं ऊन, तापलेला काळा कातळ आणि दोघांत मिळून पाण्याच्या दोन बाटल्या. अर्ध्या वाटेतच एक संपली. "दर पाच मिनिटांनी घोट घेऊ नकोस," मित्र म्हणाला. त्याच्या आवाजात जरा धार होती, पण माझं लक्ष नव्हतं. वरच्या टप्प्यात दगडात बांधलेल्या पायऱ्या लागतात. दोन हजार वर्षांपूर्वी सामानाने लादलेली जनावरं याच वाटेने चढत होती, हे आठवलं की आपल्या सॅकचं वजन थोडं कमी वाटतं.

कल्याण आणि सोपारा ही बंदरं कोकणात, तर जुन्नर, पैठण ही मोठी गावं घाटावर. मध्ये सह्याद्रीची भिंत. ती भिंत ओलांडायचा सातवाहनांचा रस्ता म्हणजे नाणेघाट. आजच्या भाषेत हा एक्स्प्रेसवे आणि वर जो दगडी रांजण आहे तो टोलनाका! व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत असं सांगतात.

भिंतीवरचे आकडे

घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे एक कोरलेली गुहा आहे. तिच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा शिलालेख आहे. तो सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा. केलेले यज्ञ आणि त्यात दिलेली दक्षिणा यांची ती नोंद आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी... सगळं आकड्यांत. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याचं या लेखाकडे लक्ष गेलं. पण त्यातल्या काही खुणा म्हणजे अक्षरं नसून अंक आहेत, हे १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ओळखलं. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात या लेखाची गणना होते.

इंजिनिअरिंगवाल्यांनी इथे थांबायलाच हवं. या पद्धतीत एकासाठी एक आडवी रेघ आणि दोनासाठी दोन. पण दहा, शंभर, हजार यांच्यासाठी वेगवेगळ्या खुणा आहेत, कारण शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. मग ४००० कसे लिहायचे? हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. शंभराला सात जोडले की ७००. म्हणजे शून्याशिवायही त्यांचा हिशोब चोख! आपण कॅल्क्युलेटर विसरलो की पेपर अर्धा सोडतो.

मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी अशी नावं वर कोरलेली आहेत. पुतळे मात्र गेले. उरलेत ते फक्त पायांचे अवशेष.

टाकं

गुहेजवळ कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. आमची दुसरी बाटलीही तोवर संपली होती. गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांना विचारलं, तर त्यांनी काठीने एक टाकं दाखवलं. "ह्याचं प्या, त्याचं नको." रुमालाने गाळून प्यालो. इतकं गार पाणी मी फ्रीजमधलंही प्यालेलो नाही.

पाणी पिऊन झाल्यावर डोकं चालायला लागलं. सह्याद्रीचा हा बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस. जिथे तो घट्ट आणि बिनभेगेचा असतो, तिथे पाणी फारसं झिरपत नाही. सावलीतलं पाणी उन्हाने कमी उडतं. पाऊस भरतो, वाटसरू पितो. पंप नाही, पाइप नाही, बिल नाही. मी भारावून मित्राला म्हणालो, "काय इंजिनिअर होते रे! बघ, ज्याला तहान लागणार त्याच्या वाटेतच पाणी."

तो टाक्याकडे बघत म्हणाला, "हो ना. नाहीतर आमच्याकडे."

मग तो बोलला. काल मी संपवलेलं पिंप आईने आणि बहिणीने चार खेपांत भरलं होतं. पाड्याजवळची विहीर मार्चमध्येच तळाला जाते, मग लांबच्या विहिरीवर पहाटे नंबर लावायचा. टँकर अजून सुरू झाला नव्हता. बहिणीची दहावीची परीक्षा चालू होती. मी काय बोलणार? तोंडातलं पाणी गिळायलाही लाज वाटली.

मित्रांनो, आता नकाशा आठवा. भातसा, तानसा आणि वैतरणेवरचा मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसा तर १८९२ सालचं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची साठवण मिळून सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या भातसाची. हॉस्टेलच्या नळाला येणारं पाणी त्याच डोंगरांतून येतं. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरणं बांधणारे हुशार नव्हते असं मला म्हणायचं नाही. मुंबईचं पोट त्यांच्यावरच आहे. पण पाणी कुठे न्यायचं हे ठरवताना ते कुणाच्या दारावरून जातंय, हे विचारणंही डिझाइनचाच भाग आहे. आपल्या सिलॅबसमध्ये तो धडा नाही, म्हणून इथे लिहितोय.

परतीचा हिशोब

माथ्यावर रांजण पाहिला, समोरचा जीवधन पाहिला आणि कड्यावरून खालचं कोकण पाहिलं. उतरताना गुडघ्यांनी राजीनामा दिला. पाड्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडला. मोरीत पुन्हा गरम पाण्याची बादली होती. यावेळी मी तांब्याने मोजून अंग ओलं केलं आणि अर्धी बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून काकूंच्या मागे गेलो. त्या "नको रे, तू पाहुणा," म्हणत होत्या. एक हंडा खांद्यावर घेऊन आलो. वाटेत निम्मा माझ्याच शर्टावर सांडला. बहीण मात्र पोट धरून हसली, तेवढंच बरं वाटलं.

हॉस्टेलवर आल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या गळक्या नळाखाली बादली ठेवली. तासाला पावणेदोन लिटर, म्हणजे दिवसाला ४२ लिटर. काकूंचा हंडा साधारण १४ लिटरचा. म्हणजे रोज तीन खेपा आपण गटारात सोडत होतो! नागनिकेने दिल्याचा हिशोब भिंतीवर कोरून ठेवला, मी वाया घालवल्याचा हिशोब नळावर चिकटवला. चार दिवसांनी प्लंबरकाका आले आणि वॉशर बदलून गेले. खर्च किरकोळ.

नाणेघाटला जरूर जा. पाणी भरपूर न्या. आणि रस्त्यात कुणाच्या घरी उतरलात, तर आंघोळीला जाण्याआधी पिंप कुणी भरलं ते विचारा.