सहल बिघडते तेव्हा : लवचिकता आणि हक्क

वाणिज्याच्या दृष्टीने पाहता परदेशातील आयोजित सहल ही एक विलक्षण वस्तू आहे. साडी घेताना आपण ती उलगडून पाहतो, पोत चाचपतो आणि मग पैसे मोजतो. सहलीचे पैसे मात्र आधी भरावे लागतात. माल नंतर, तोही परमुलखात, रोज थोडा थोडा हाती येतो. शिवाय हा माल एकटी सहल-कंपनी तयार करीत नाही. विमान दुसऱ्याचे, हॉटेल तिसऱ्याचे, संग्रहालय सरकारचे आणि हवामान कोणाचेच नाही. म्हणूनच कार्यक्रमपत्रिका कितीही सुबक छापलेली असली, तरी तिच्यातील एखादी ओळ कोलमडणे ही फारशी नवलाची गोष्ट नाही. अशा वेळी प्रवाशाने कसे वागावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सामान्यतः दोन प्रकारचे प्रवासी आढळतात. पहिला म्हणतो, "पत्रिकेत छापले आहे, तेव्हा झालेच पाहिजे." दुसरा म्हणतो, "चालायचेच, परदेश आहे." पहिला उरलेली सहल भांडणात घालवतो, तर दुसरा न्याय्य हक्कावरही पाणी सोडतो. ज्या कुटुंबाने आयुष्यभराच्या शिलकीतून ही एकच सहल केली आहे, त्याला हे दोन्ही मार्ग महागच पडतात.

वेळ, वाट आणि ठिकाण

बेत बिघडला की प्रथम वेळ बदलून पाहावी, तेवढ्याने भागले नाही तर वाट बदलावी आणि ठिकाण शेवटी बदलावे.

वेळेचे उदाहरण व्हेनिसचे घेता येईल. तेथे भरतीचे पाणी शहरात शिरते. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ते १८७ सेंटीमीटरपर्यंत चढले व सेंट मार्कच्या चर्चमध्येही शिरले. एरवीच्या भरतीत लोक रस्त्यात मांडलेल्या उंच फळ्यांवरून चालतात. भरती काही तासांत ओसरते, हे ज्याला ठाऊक आहे तो मार्गदर्शकाला सुचवील, की सकाळचा चौक दुपारी पाहू आणि दुपारचे काम आता उरकू. ऑक्टोबर २०२० पासून तेथे समुद्राच्या तोंडाशी पाण्याखालून वर उठणारे दरवाजे वापरात आले आहेत. पण हे तत्त्व इतर ठिकाणीही लागू पडते. वारा जोराचा असला, की आयफेल मनोऱ्याचा माथा बंद ठेवतात. तो पडल्यावर पुन्हा उघडतात.

वाटेचे उदाहरण २०१० सालचे आहे. १४ एप्रिल रोजी आइसलंडमधील बर्फाखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याची बारीक राख युरोपवर पसरली. अशी राख जेट इंजिनात वितळून चिकटते, म्हणून सुमारे सहा दिवस युरोपातील बरेचसे आकाश विमानांना बंद होते. जवळजवळ एक लाख उड्डाणे रद्द झाली व सुमारे एक कोटी प्रवाशांचा खोळंबा झाला. अनेकांनी आगगाड्या, बसगाड्या आणि बोटी यांची सांगड घालून घर गाठले.

ठिकाण बदलताना आपण काय पाहावयास आलो होतो, हे आठवावे. पॅरिसचे नोत्र-दाम चर्च १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ पर्यंत बंद होते. पण त्याच बेटावर, थोड्याच पावलांवर, सेंत-शापेल हे तेराव्या शतकातील चर्च आहे. रंगीत काचांची कला पाहणे हा हेतू असेल, तर तो तेथे उत्तम साधतो. त्याऐवजी कोणी आपल्याला एखाद्या दुकानात दोन तास बसवू लागला, तर तो पर्याय नव्हे; त्याला स्पष्ट नकार द्यावा.

कायदा काय सांगतो?

पर्याय स्वीकारला म्हणजे तक्रारीचा हक्क गेला, असा पुष्कळांचा समज असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७३ पाहिले, म्हणजे निराळेच चित्र दिसते. नुकसानीचा हिशेब करताना, गैरसोय दूर करण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही विचारात घ्यावे, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. म्हणजे खोलीत रुसून बसणाऱ्याची बाजू लंगडी पडते आणि मिळेल त्या पर्यायाने नुकसान कमी करणाऱ्याची भक्कम होते.

दोष कोणाचा, हेही पाहिले पाहिजे. 'जार्विस विरुद्ध स्वान्स टूर्स' या इंग्रजी खटल्यातील गृहस्थ १९६९ च्या नाताळात स्वित्झर्लंडला गेले होते. माहितीपत्रकात पाहुण्यांच्या मेळाव्याची व करमणुकीची हमी होती; प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्यात तेथे ते एकटेच पाहुणे उरले. त्यांनी ६३ पौंड ४५ पेन्स भरले होते. खालच्या कोर्टाने त्यांना ३१ पौंड ७२ पेन्स दिले, परंतु १९७२ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने आनंदाची हानीही मोजून १२५ पौंड दिले. येथे ज्वालामुखी नव्हता. दिलेला शब्द पाळला गेला नव्हता.

निसर्गाचा कोप झाला, तरी सर्वच जबाबदारी संपते असे नाही. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार, उड्डाण रद्द झाल्यास विमानकंपनीने अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची व निवासाची सोय करावयाची असते. २०१० मध्ये पोर्तुगालमध्ये अडकलेल्या एका प्रवासिनीने अशा खर्चापोटी सुमारे १,१३० युरो मागितले. ज्वालामुखीच्या काळातही ही जबाबदारी कायम राहते, मात्र खर्च आवश्यक व वाजवी असावा, असा निर्णय संघाच्या न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी दिला. वाजवीपणा पावतीवरून ठरतो. सबब प्रत्येक पावती जपून ठेवावी.

व्यवहारात काय करावे?

मार्गदर्शक हा बहुधा पगारी माणूस असतो. निर्णय त्याच्या कचेरीत होतो. म्हणून त्याच्यावर आवाज न चढवता तीन गोष्टी विचाराव्यात : काय रद्द झाले, पर्याय कोणता, आणि जादा खर्च कोणी सोसावयाचा. उत्तर लेखी घ्यावे. पर्याय स्वीकारताना "हक्क राखून स्वीकारीत आहोत" एवढे शब्द लिहून द्यावेत. "पूर्ण समाधान झाले" अशा कागदावर घाईने सही करू नये. गटात वयस्कर मंडळी असतील, तर पर्याय त्यांच्या पायांना झेपेल असा निवडावा. व्हिसाची मुदत संपत आली असेल, तर ती संपण्यापूर्वीच तेथील अधिकाऱ्यांकडे जावे. अनिवार्य कारणास्तव शेंगेन व्हिसा विनाशुल्क वाढवून देण्याची तरतूद आहे.

परतल्यावर तक्रार करावयाची झाल्यास आता मुंबई-दिल्ली गाठण्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे अर्ज करता येतो. कंपनीची कचेरी कोठेही असो, बेळगावच्या प्रवाशाला बेळगावातच दाद मागता येते.

सारांश, भांडण घरी परतेपर्यंत थांबू शकते. परदेशातला तो दिवस थांबत नाही. तेव्हा दिवस हातचा घालवू नये, आणि पावतीही.