'टर्बो बसवून द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगाल?



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता, 'नाही म्हणूनही गिऱ्हाईक टिकवायचं कसं'. त्यात गॅरेज आणि स्पेअर पार्टवाल्यांसाठी मी गाडीला बाहेरून टर्बो बसवण्याचं उदाहरण दिलं होतं. व्हिडिओत ते घाईत झालं, म्हणून इथे नीट लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक

२०१८ ची गोष्ट. उमरखेडात माझं दुकान तेव्हा नवं होतं. ओळखीचा एक पोरगा जुनी छोटी पेट्रोल कार घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, चार माणसं बसली की चढावर गाडी मरते. टर्बो टाकून देता का?" किट त्याने स्वतःच मागवलं होतं. मला दिसली फक्त पंधरा हजारांची मजुरी. मी हो म्हटलं, मेकॅनिक बोलावला, काम करून दिलं.

पहिले तीन आठवडे पोरगा खूश. मग नांदेडला जाताना हदगावच्या पुढे इंजिन बसलं. उघडलं तर पिस्टनला भोक. इंजिनच्या खर्चातले अडतीस हजार मी खिशातून भरले, कारण हो मी म्हटलं होतं. पैसे गेले आणि गिऱ्हाईकही गेलं.

पंधरा हजारांच्या मजुरीत अडतीस हजारांचा खड्डा. हा हिशोब मी बीबीएच्या वर्गात नाही, त्या दिवशी शिकलो.

धडा १: टर्बो एकटा येत नाही

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कोणी सांगत नाही.

पेट्रोल इंजिनात एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाच्या आसपास धूर नीट साफ करतो. टर्बोने हवा वाढवली आणि ईसीयूने त्या हिशोबात पेट्रोल वाढवलं नाही, तर उष्णता वाढते, नॉकिंग होतं, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. माझ्या हातून नेमकं हेच झालं होतं. उलट पेट्रोल जास्त सोडलं, तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो खराब होतो.

शिवाय दाबलेली हवा तापते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचीच हवा चाळिशीच्या वर असते, म्हणून इंटरकूलर लागतो. टर्बोला तेलाची वेगळी लाइन लागते, क्लचवर ताण येतो.

कंपनी टर्बो देते तेव्हा हे सगळं जुळवून देते. टाटाचंच बघा. टियागोचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन टर्बोशिवाय साधारण ८५ पीएसचं होतं. २०१७ च्या नेक्सॉनला तेवढ्याच क्षमतेचं टर्बो इंजिन आलं, ते ११० पीएसचं. त्यामागे कंपनीची लॅब होती आणि सरकारमान्य चाचणी होती. आपल्या रॅम्पवर ते होत नाही.

धडा २: 'पीयूसी पास होते ना?' या वाक्याला फसू नका

गिऱ्हाईक हे हमखास म्हणतं. पण पेट्रोल गाडीची पीयूसी जागेवर उभ्या गाडीची होते, इंजिनावर लोड नसतो. तेव्हा टर्बो जवळजवळ काही दाबच देत नाही! आणि त्या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत.

खरा नियम वेगळा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू आहे. पेट्रोल कारला किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा फक्त ०.०६ ग्रॅम. ही चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून होते. एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलचं उत्सर्जन प्रत्यक्ष रस्त्यावरही तपासावं लागतं. म्हणजे पीयूसीची चिठ्ठी हातात असली, तरी गाडी नियमात आहेच असं नाही.

धडा ३: कायद्याचा कागद

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला कारण मिळतं ते वेगळंच.

मग सीएनजी किट कसं चालतं? कारण इंधन बदलायची वाट कायद्यानेच ठेवली आहे. किटला मान्यता असते, ते अधिकृत सेंटरमध्ये बसतं आणि आरसीवर नोंद होते. टर्बोवाल्यालाही हेच विचारा: "या मॉडेलसाठी किटचं मान्यतापत्र आणि आरटीओची लेखी परवानगी आणा." कागद नाही, तर काम नाही.

धडा ४: 'नाही' नंतरचं वाक्य

आता खरा धंद्याचा मुद्दा. त्या पोराला टर्बो नको होता, त्याला चढावर पिकअप हवा होता. हे मी विचारलंच नव्हतं. आज कोणी आलं की मी म्हणतो:

"दादा, टर्बो मी बसवत नाही, तुमचंच इंजिन जाईल. पण गाडी का ओढत नाही, ते शोधून देतो."

मग एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंजेक्टर, क्लच, टायरची हवा, कॉम्प्रेशन टेस्ट, तुंबलेला कन्व्हर्टर, या क्रमाने तपासतो. तपासणीचे पैसे आधी सांगून घेतो. बऱ्याचदा गाडीची गेलेली ताकद यातच परत मिळते. तरी कमी वाटली, तर कंपनीची टर्बो असलेली गाडी बघायला सांगतो आणि ती घेण्याआधी तपासून देतो. ते काम पण आपलंच!

आणखी एक. आपल्या रस्त्यावर बोलेरो, स्कॉर्पिओ, पिकअप किती आहेत, मोजा. त्यांना टर्बो आधीच आहे. वेळेवर योग्य ग्रेडचं ऑइल, इंटरकूलरच्या फुटलेल्या होजची तपासणी, आणि लांब पळवून आल्यावर मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवून मग बंद करायची सवय, एवढ्याने टर्बोचं आयुष्य वाढतं. टर्बोचा कायदेशीर धंदा इथे आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या दुकानात कोणती कामं करायची नाहीत, अशी तीन कामं लिहा.
२. प्रत्येकापुढे लिहा, गिऱ्हाइकाला त्यातून खरं काय हवं असतं.
३. ते देणारं दुसरं काम आणि त्याचा दर लिहा.

कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. दुकानातला पोरगाही तेच उत्तर देईल, असं बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे उधारी!