सारफथची विधवा आणि घरची मूठ

(पाठ : १ राजे १७, प्रेषितांची कृत्ये ११, १ करिंथ १६)

क्लौद्य कैसराच्या दिवसांत मोठा दुष्काळ पडणार असे अगबाने सांगितले, तेव्हा अंत्युखियातील शिष्यांनी आपापल्या शक्तीप्रमाणे काही काढून ठेवले, आणि ते बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदियातील बंधूंकडे पाठविले. ज्यांना ते पाठविले, त्यांची तोंडेही त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिली नसावीत.

आज ही गोष्ट वाचताना आमगाव-देवरीकडील शेतकरी बंधू म्हणतील, "रोवणीच्या दिवसांत आमच्याच कोठीचा तळ दिसतो, आम्ही जगाला काय द्यावे?" प्रश्न खोटा नाही. सन २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे उपाशी होती, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. म्हणजे दर बारा माणसांत एक. एवढ्या भुकेपुढे एका घरची काटकसर ती किती! परंतु आम्हांस त्याहून जवळचा प्रश्न विचारावयाचा आहे. घरात काटकसर होते, ती कोणाच्या ताटातून होते?

आपल्या घरांत माउली सर्वांच्या मागून जेवते. भात कमी पडला तर तिचाच कमी पडतो. म्हणून घरधन्याने मंडळीत उभे राहून दान बोलावे व बाईने ते आपल्या पोटातून फेडावे, असे होऊ शकते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव आपणांस ठाऊक आहे. सन १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. ती गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते. सन १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजवंत आला की तो गेलाच. त्यांच्या घरी पोटच्या मुलांबरोबर परकी मुलेही वाढली. सन १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. हे औदार्य थोर खरे. पण चूल लक्ष्मीबाईंना पेटवावी लागे, आणि रिते डबे पाहून त्यांचा जीव कसा मेटाकुटीस येई, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात हसतखेळत, परंतु काही न लपविता सांगितले आहे. टिळकांची थोरवी गाणाऱ्यांनी तो ग्रंथ अवश्य वाचावा.

आता सारफथच्या विधवेकडे पाहा. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल, आणि जवळ पोर. एलीया संदेष्टा होता, तरी त्याने मडक्यात हात घातला नाही. मडके जिच्या हाती होते तिलाच त्याने मागितले. तिने आपली अडचण उघड सांगितली, त्याने ती ऐकून घेतली, आणि मग तिने आपल्या हाताने भाकर केली.

सन १९६५ साली देशात धान्याची टंचाई होती व अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर पुष्कळ मदार होती. तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांस आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली. ती करण्यापूर्वी त्यांनी आपल्याच घरी एक संध्याकाळ चूल बंद ठेवविली व मुलेबाळे ते सोसतात की नाही हे पाहिले, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे.

मिझोरामच्या मंडळ्यांत सन १९१० पासून एक रीत चालत आली आहे. तिला तेथे 'बुहफाई थाम' म्हणतात. स्वयंपाक करणारी बाई भांड्यात तांदूळ घालण्यापूर्वी एक मूठ निराळी काढते. आठवड्याचे तांदूळ बाया गोळा करतात, आणि ते विकून आलेला पैसा मंडळीच्या सेवाकार्यास जातो. आपला जिल्हा तर धानाचाच. एका मुठीत ४० ग्रॅम तांदूळ धरले, तर दोन वेळच्या मुठी महिन्यास प्रत्येक घरी सुमारे २ किलो ४०० ग्रॅम होतात. चाळीस घरांचे ९६ किलो, म्हणजे जवळजवळ एक क्विंटल. पौल करिंथकरांस आठवड्याच्या पहिल्या दिवशी काढून ठेवावयास सांगतो, ते याच हिशेबाने.

ही रीत आपल्या गावी सुरू करावयाची असल्यास उपदेशकांनी प्रथम बायांची सभा घ्यावी आणि मूठ काढावी की चिमूट, हे त्यांनाच ठरवू द्यावे. पुरुषांनी आपल्या वाट्याची काटकसर विडीच्या बंडलातून काढावी. गोंदिया विड्यांच्या धंद्याचे गाव असल्यामुळे कोणास हे जड वाटेल, तरी भातापेक्षा ते सोपे आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी, तसेच लेकरांनी उपास करू नये. जमलेल्या तांदळाचा एक भाग रोवणीच्या दिवसांसाठी गावातील अडलेल्या घरांकरिता राखावा, मग ते घर मंडळीचे असो वा नसो. बाकीचा विकून पैसा दूरच्या दुष्काळग्रस्तांस पाठवावा. वही बायांपैकी एकीकडे असावी व दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकंदर जमा सर्वांसमोर वाचावी. ज्या घरची मूठ त्या महिन्यात आली नाही, त्या घराचे नाव मात्र वाचू नये.